एकत्र वाचणं हीसुद्धा साधनाच: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात मी धम्मग्रंथांच्या सामूहिक वाचनाचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सदर त्याच विषयाला द्यायचं ठरवलं. सगळ्या पत्रांना उत्तर देणं जमलं नाही. ज्यांचे प्रश्न एकसारखे होते त्यांनी आपलं उत्तर इथेच शोधावं.

प्रश्न : ताई, आमचा ध्यानाचा छोटा गट आहे. ध्यान झालं की अर्धा तास एखादं पुस्तक वाचायचं आणि त्यावर बोलायचं, असं आम्ही ठरवलं. आमच्यातले एक ज्येष्ठ साधक मात्र त्या वेळी उठून जातात. पुस्तकं वाचून कुणी मुक्त होत नाही, तेवढा वेळ डोळे मिटून बसा, असं त्यांचं म्हणणं. खरंच तो वेळ वाया जातो का?

नाही जात. आणि हे मी तुमची समजूत काढण्यासाठी म्हणत नाही. हा वाद फार जुना आहे. अंगुत्तर निकायात, म्हणजे बुद्धवचनांच्या पाली संग्रहांपैकी एकात, महाचुंद स्थविरांचं (ज्येष्ठ भिक्खूंचं) एक प्रवचन आहे, चेदी देशातल्या सहजाती इथे दिलेलं. तिथे भिक्खूंमध्ये दोन तट पडलेले दिसतात. धम्माच्या अभ्यासात रमलेले भिक्खू ध्यान करणाऱ्यांना नावं ठेवतात, की हे नुसते 'आम्ही ध्यानी, आम्ही ध्यानी' करत बसतात. ध्यानी भिक्खू अभ्यासूंना नावं ठेवतात, की यांच्या तोंडाला खळ नाही आणि चित्त ठिकाणावर नाही. महाचुंद दोघांनाही समजावतात: अशानं तुम्हालाही समाधान लाभत नाही आणि लोकांचंही हित होत नाही. ध्यानी असाल तर अभ्यास करणाऱ्यांचं मोकळ्या मनानं कौतुक करा, अभ्यासू असाल तर ध्यान करणाऱ्यांचं. दोन्ही तऱ्हेची माणसं जगात विरळाच.

याच निकायात मुक्तीच्या पाच प्रसंगांचंही एक सुत्त, म्हणजे प्रवचन, आहे. माणसाचं चित्त कुठल्या प्रसंगी मोकळं होऊ शकतं, ते त्यात सांगितलं आहे. धम्म ऐकताना, दुसऱ्याला समजावून सांगताना, ऐकलेलं जसंच्या तसं म्हणताना, त्यावर मनात विचार करताना, आणि समाधीचा विषय नीट धरला असताना. पाचांपैकी चार प्रसंग ऐकण्याबोलण्याचे आणि विचाराचे आहेत! अर्थ उमगला की मनाला आनंद होतो, आनंदानं शरीर शांत होतं, शांत शरीराला सुख वाटतं आणि सुखी चित्त एकाग्र होतं, अशी त्यातली पायरी न् पायरी स्पष्ट मांडलेली आहे. तुमच्या गटात एखाद्या संध्याकाळी एका ओळीचा अर्थ सगळ्यांना एकदम लख्ख दिसला असेल आणि मग मिनिटभर कुणालाच बोलावंसं वाटलं नसेल, तर ही पायरी तुम्ही पाहिलेली आहे.

तरीही त्या ज्येष्ठांचं म्हणणं उडवून लावू नका. धम्मपदात एका गुराख्याचा दाखला आहे. पुष्कळ संहिता मुखोद्गत असून जो तसा वागत नाही, तो दुसऱ्यांच्या गाई मोजणाऱ्या गुराख्यासारखा. ज्येष्ठांना याच माणसाची धास्ती वाटत असणार, आणि ती धास्ती रास्त आहे. वाचनमंडळं भरकटतात ती इथेच. एका वर्षात किती पुस्तकं झाली याचा हिशेब सुरू होतो आणि कालच्या पानानं आपल्या बोलण्यात काही फरक पडला का, हे कुणी विचारत नाही.

तेव्हा एक करून पाहा. ध्यान संपल्यावर लगेच पुस्तक उघडू नका, आणि वाचन संपल्यावर लगेच उठूही नका. शेवटी पाच-सात मिनिटं पुन्हा शांत बसा, जे ऐकलं ते मनात मुरू द्या. त्या ज्येष्ठांना या शेवटच्या बैठकीला थांबण्याची विनंती करा. चर्चेत भाग घ्यायचा आग्रह मात्र धरू नका.

प्रश्न : आमच्या चर्चेत दोघंच बोलतात. दोघांचं वाचन दांडगं आहे, पण हळूहळू त्यांची जुगलबंदी होते. परवा तर अनात्म (कायमचा आत्मा नाही हे मत) की पुनर्जन्म यावरून आवाज चढले, एक जण पुस्तक मिटून निघून गेला. बाकीचे आम्ही गप्प. गटाचा संचालक या नात्यानं मी काय करावं?

तुमच्या पत्रातला 'बाकीचे आम्ही गप्प' हा भाग मला आवाज चढण्याइतकाच काळजीचा वाटला.

आधी वादाचं पाहू. मिलिंदपञ्ह या ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिलिंद, म्हणजे इतिहासातला मिनँडर, भदंत नागसेनांशी बोलायची इच्छा दाखवतो. नागसेन विचारतात, पंडितांसारखं बोलणार की राजांसारखं? फरक कोणता, असं राजा विचारतो. पंडितांच्या चर्चेत गुंता होतो, उकल होते, कुणाचं म्हणणं खोडलं जातं, कुणी आपली चूक मान्य करतो, आणि एवढं होऊनही कुणी रागावत नाही. राजे मात्र एक बाजू धरतात आणि जो ती मानत नाही त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद म्हणतो, मी पंडितांसारखाच बोलेन, तुम्ही निःशंकपणे बोला. या एका करारावर पुढची सगळी प्रश्नोत्तरं उभी आहेत. तुमच्या गटात हा करार कधी झालाय का? झाला नसेल तर पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला हा उतारा सगळ्यांसमोर वाचा. त्या दोघांची नावं घ्यायची गरजच पडणार नाही.

मज्झिम निकायातल्या अलगद्दूपम सुत्तात याहून कठोर इशारा आहे. काही लोक धम्म शिकतात ते दुसऱ्यांवर दोष ठेवण्यासाठी आणि वादात स्वतःची सुटका करून घेण्यासाठी. साप शेपटीकडून धरणाऱ्याला तो उलटून चावतो, तसा चुकीच्या हेतूनं धरलेला धम्म माणसाला दुःख देतो. अनात्मावर बोलताना आवाज चढतो तेव्हा 'माझं म्हणणं' केवढं घट्ट धरलंय, ते तिथल्या तिथे दिसतं. मला ही मोठी संधी वाटते. एकट्यानं वाचताना आपला आग्रह आपल्याला दिसतच नाही, कारण पुस्तक उलट बोलत नाही. समोर माणूस बसलेला असतो तेव्हा छातीत काय होतं, कान कधी तापतात, त्याचं वाक्य पुरं होण्याआधी आपलं उत्तर कसं तयार होतं, हे पाहता येतं. सम्यक वाचेचा, म्हणजे योग्य बोलण्याचा, अभ्यास करायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की चर्चेत आपण कसे बोलतो हीच त्या दिवसाची साधना असते. हातातलं पान हे तिचं निमित्त.

भगवंतांनी, म्हणजे बुद्धांनी, आपल्या मुलाला, राहुलाला, केलेल्या उपदेशातली रीत इथे जशीच्या तशी वापरता येते. आरसा कशासाठी, असं ते राहुलाला विचारतात. पाहण्यासाठी, असं तो सांगतो. तसंच कायेनं, वाचेनं, मनानं काही करताना पुन्हा पुन्हा पाहून करावं: करण्याआधी पाहावं, करत असताना पाहावं, करून झाल्यावरही पाहावं. यातून माझ्या किंवा दुसऱ्याच्या वाट्याला दुःख येतंय का? बैठकीत बोलायच्या आधी एक श्वास थांबा, असं नुसतं सांगून कुणी थांबत नाही. म्हणून तशी पद्धतच पाडावी लागते. एकाचं बोलणं संपलं की दुसऱ्यानं सुरू करण्याआधी तीन श्वास सगळ्यांनी गप्प राहायचं. पहिले काही आठवडे हे अवघड जातं, पण जुगलबंदी आपोआप मोडते, कारण जुगलबंदीला वेग लागतो.

आता गप्प बसणारे. त्यांना 'तुम्हीही बोला की' म्हणू नका, त्यानं माणूस आणखी आक्रसतो. त्यांच्याकडे वाचन द्या. ज्यानं आज उतारा वाचला, त्याला पहिला प्रश्न विचारायचा मान. आणि प्रश्नच विचारायचा, मत मांडायचं नाही. प्रश्न विचारणाऱ्याला सगळं ठाऊक असावं लागत नाही, म्हणून गप्प बसणाऱ्याला ते सोपं जातं. मग दांडगं वाचन असलेल्या त्या दोघांकडे उत्तरासाठी वळा. त्यांचं ज्ञान गटाला हवंच आहे. ते कुणाच्या तरी खऱ्या अडचणीकडे वळलं म्हणजे झालं.

शेवटचं एक. अंगुत्तर निकायात प्रश्नांना उत्तर द्यायच्या चार तऱ्हा सांगितल्या आहेत. काही प्रश्नांना थेट उत्तर द्यावं, काहींना फोड करून, काहींना उलट प्रश्न विचारून, आणि काही प्रश्न बाजूला ठेवून द्यावेत. चौथी तऱ्हा संचालकाच्या हातात असते. 'हा आज बाजूला ठेवू' असं शांतपणे म्हणायला शिका, आणि वहीत लिहून ठेवा म्हणजे विचारणाऱ्याला तो टाळल्यासारखा वाटणार नाही. जो पुस्तक मिटून गेला त्याच्याकडे मात्र याच आठवड्यात जाऊन या. फोन करू नका, जा.

प्रश्न : आमच्या मंडळात एक बाई येतात, त्यांना वाचता येत नाही. घरकामं करतात. त्या नियमित येतात, ऐकतात, पण आपण इथे उपऱ्या आहोत असं त्यांना वाटत असावं. त्यांच्यासाठी वेगळं काही करावं का?

वेगळं काही करू नका. तुमचीच पद्धत अशी बदला की वाचता येणं न येणं याला महत्त्वच उरणार नाही.

बुद्धवचन ज्यांनी आपल्यापर्यंत पोचवलं त्यांनी ते आधी शतकानुशतकं कानांनी जपलं. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत, म्हणजे भिक्खूंच्या सभेत, महाकस्सपांनी विचारलं, उपालींनी विनय, म्हणजे भिक्खूंचे नियम, सांगितला, आनंदांनी धम्म सांगितला, आणि पाचशे अर्हतांनी, म्हणजे मुक्त झालेल्या भिक्खूंनी, तो मिळून म्हटला. पुस्तक तिथे नव्हतंच. श्रीलंकेत वट्टगामणी अभय राजाच्या काळात, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, त्रिपिटक लेखनबद्ध झालं, ते म्हणता येणारी माणसं दुष्काळ आणि युद्धात नाहीशी होतील या भीतीनं. आजही सुत्तांत तीच तीच वाक्यं पुन्हा पुन्हा येतात तेव्हा घाईचा वाचक पान उलटतो. मोठ्यानं वाचून पाहा, ती आवर्तनं ऐकणाऱ्यासाठी आहेत हे कानाला लगेच कळतं.

आणि खुज्जुत्तरेला विसरू नका. ती कोसंबीच्या सामावती राणीची दासी. राणीला आणि अंतःपुरातल्या स्त्रियांना बाहेर पडता येत नसे. खुज्जुत्तरा भगवंतांचं प्रवचन ऐकून यायची आणि ऐकलेलं त्यांना सांगायची. राणी तिला उंच आसनावर बसवून स्वतः खाली बसून ऐकायची. इतिवुत्तक या ग्रंथातली 112 सुत्तं तिच्यामुळेच टिकली, असं परंपरा मानते. आणि बहुश्रुत उपासिकांमध्ये अग्रस्थान भगवंतांनी तिलाच दिलं. दासीला दिलं, राणीला दिलं नाही.

मी ज्या अभ्यासवर्गात बसते तिथला एक प्रसंग सांगते, कारण तो तुमच्या प्रश्नाचंच उत्तर आहे. आम्ही ककचूपम सुत्त वाचत होतो. त्यात सावत्थीच्या वेदेहिका नावाच्या गृहिणीची गोष्ट आहे. ही बाई फार सौम्य, फार शांत, असा तिचा गावभर लौकिक. तिची दासी काली, कामाला चोख. एक दिवस कालीच्या मनात येतं, मालकिणीच्या आत राग नाहीच, की आहे पण माझं काम नीटनेटकं असतं म्हणून तो बाहेर येत नाही? पाहावं तरी. मग ती उशिरा उठते. मालकीण कपाळाला आठ्या घालते. काली पुढे आणखी उशिरा उठते. मालकीण टाकून बोलते. तिसऱ्या वेळी मालकीण दाराचा अडसर उचलून तिच्या डोक्यात घालते. रक्तबंबाळ काली शेजाऱ्यांना दाखवते, पाहा तुमच्या सौम्य बाईंची करणी.

वाचन झाल्यावर आम्ही सगळे वेदेहिकेवर बोलायला लागलो. राग कसा दबून असतो, सुखसोयीत माणूस शांत दिसतो, वगैरे. सगळं बरोबरच होतं. आमच्यातल्या एक बाई, दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या, बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही सगळे मालकिणीची परीक्षा घेताय. पण ही परीक्षा काढली कुणी? कालीनं. मार बसणार हे तिला ठाऊक नसेल होय? तरी तिला खरं काय ते बघायचं होतं."

आम्ही पान पुन्हा उघडलं. खरंच, तो सगळा शोध कालीच्या विचारातून सुरू होतो, तिच्या नेमक्या शब्दांत. राग नाहीच की दिसत नाही, हा भेद सुत्तात प्रथम तीच करते, आणि भगवंत पुढे भिक्खूंना तेच विचारायला लावतात: अप्रिय शब्द कानावर पडत नाहीत तोवर शांत असलेल्याला खरा शांत म्हणायचं का? छापील अक्षरावर नजर असलेल्या आम्हा सगळ्यांचं लक्ष घराच्या मालकिणीकडे गेलं. कालीच्या जागी उभं राहून ऐकणाऱ्या बाईंना सुत्ताचं दार दिसलं. त्या दिवसापासून आमच्याकडे पद्धत पडली की उतारा दोनदा वाचायचा, आणि दुसऱ्या वेळी सगळ्यांनी पुस्तकं मिटून ऐकायचं. तुमच्याकडेही हेच करा. मग सगळेच श्रोते.

प्रश्न : सुरुवात कोणत्या पुस्तकानं करावी? यादी द्याल का?

यादी सम्राट अशोकानं देऊन ठेवली आहे. राजस्थानात बैराट इथे सापडलेल्या शिलालेखात तो संघाला वंदन करून सात धम्मग्रंथांची नावं देतो आणि म्हणतो की भिक्खू-भिक्खुणींनी हे वारंवार ऐकावेत आणि मनात धरावेत, उपासक-उपासिकांनीसुद्धा. त्यातली काही नेमकी कुठली सुत्तं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण राहुलाला असत्याविषयी केलेला उपदेश म्हणजे वर सांगितलेलं आरशाचं सुत्त, हे बहुतेक सगळे मानतात. सम्राटानं सगळं त्रिपिटक वाचा असं म्हटलं नाही. सात घेतले, आणि ते पुन्हा पुन्हा ऐका म्हणाला.

म्हणून राहुलोवादानं, म्हणजे याच उपदेशानं, सुरुवात करा. लहान आहे, बाप-लेकाचं बोलणं आहे, भांड्यात उरलेल्या चमचाभर पाण्यानं सुरू होतं, कुणाही माणसाला कळतं. मग धम्मपदाचा एखादा वर्ग, म्हणजे प्रकरण. सव्वीस वर्ग आणि 423 गाथा आहेत, एका बैठकीला दोन-तीन गाथा पुरे. मोठा ग्रंथ हवा असेल तर बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मिळून वाचायला फारच सोयीचा आहे. 1956 मध्ये त्यांचं महापरिनिर्वाण झालं आणि 1957 मध्ये तो प्रकाशित झाला. विहारांमध्ये वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या, तीन महिन्यांत त्याचं वाचन चालतं, ते उगाच नाही. वाक्यांना, लहान लहान परिच्छेदांना क्रमांक दिलेले आहेत, त्यामुळे 'अमक्या क्रमांकावर थांबू' असं म्हणता येतं आणि वेगवेगळ्या आवृत्त्या हातात असल्या तरी गोंधळ होत नाही.

वेगाविषयी एवढंच, की बैठकीला एक पान झालं तरी चालेल. एका ओळीवर तास गेला तर जाऊ द्या.

प्रश्न : ग्रंथातली एखादी गोष्ट पटत नसेल तर बैठकीत तसं बोलावं का? मला काही ठिकाणी शंका येतात, पण श्रद्धाळू लोकांना दुखवायचं नाही.

बोलावं. वीमंसक सुत्तात भगवंत भिक्खूंना खुद्द तथागताचीच, म्हणजे बुद्धांचीच, पारख करायला सांगतात: त्यांच्या वागण्या-बोलण्यात मलिन काही दिसतं का ते पाहा, किती काळ ते तसेच आहेत ते पाहा, त्यांनाच विचारा. ज्या परंपरेचा शास्ता स्वतःची परीक्षा घ्या म्हणतो, तिथे शंका ही अश्रद्धा होत नाही. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या परिचयात चार प्रश्न वाचकांपुढे ठेवले आहेत. सिद्धार्थानं गृहत्याग का केला याचं रूढ कारण पटतं का, चार आर्यसत्यं मूळ शिकवणीतली आहेत का, आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे, आणि भिक्खू कशासाठी. वाचकांनी पुढे येऊन उत्तरांत भर घालावी, असं आवाहन त्यांनी केलं आहे. माझ्या मते कुठल्याही गटानं हे चार प्रश्न टाळून पुढे जाऊ नये.

दुखवायचं नाही म्हणता, ते चांगलंच आहे. 'हे खोटं आहे' म्हणण्याऐवजी 'मला इथे अडलं' म्हणा. समोरच्याच्या श्रद्धेला त्यानं धक्का लागत नाही आणि तुमची शंकाही शाबूत राहते.

प्रश्न : बैठकीत काही जण मोबाइलवर आलेली सुंदर वाक्यं 'बुद्धवचन' म्हणून वाचून दाखवतात. ती खरी कशी ओळखावीत?

महापरिनिब्बान सुत्तात यासाठी महापदेश, म्हणजे पारखण्याच्या मोठ्या कसोट्या, सांगितल्या आहेत. कुणी म्हणालं, हे मी खुद्द भगवंतांकडून ऐकलं, किंवा संघाकडून, किंवा जाणत्या स्थविरांकडून, तर लगेच डोक्यावर घेऊ नये आणि लगेच झिडकारूही नये. ते शब्द नीट समजून घेऊन सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहावेत. जुळले तर घ्यावेत, नाही तर सोडावेत. वाक्य आणणाऱ्यालाच काम द्या: 'हे कुठल्या निकायात आहे ते पुढच्या वेळी शोधून आणा.' सापडलं तर एक नवं सुत्त गटाला मिळेल.

प्रश्न : आम्ही पंधरा जण होतो. आता तिघंच उरलो आहोत. बंद करावं असं वाटू लागलंय.

गोसिंग सालवनात अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल राहत होते. तिघंच. भगवंत त्यांना भेटायला गेले आणि विचारलं, दुधात पाणी मिसळावं तसे एकोप्यानं राहता ना? कसे राहता? त्यांनी जे सांगितलं त्यात मोठं काही नाही. भिक्षेहून जो आधी परत येतो तो आसनं मांडतो, प्यायचं आणि धुवायचं पाणी भरून ठेवतो. जो शेवटी येतो तो उरलंसुरलं आवरतो, जागा झाडतो. घागर रिकामी दिसली तर ज्याला दिसली तो भरतो. एकट्याला उचलेना तर हाताच्या खुणेनं दुसऱ्याला बोलावतो, त्यासाठी मौन मोडत नाही. आणि दर पाचव्या दिवशी रात्रभर धम्मचर्चेला बसतात.

भगवंतांनी त्यांना आणखी माणसं जमवा असं सांगितलं नाही. उलट त्यांची मनापासून स्तुती केली.

बारा जण का गेले याचा शोध जरूर घ्या. कुणाला वेळ गैरसोयीची झाली असेल, कुणी दुखावलं असेल, कुणाला पुस्तक जड गेलं असेल. ज्याची दुरुस्ती करता येईल ती करा. पण बैठक चुकवू नका. वार तोच ठेवा, वेळ तीच ठेवा. तिघांत एक वाचेल, एक प्रश्न विचारेल, एक ऐकेल, आणि पुढच्या वेळी कामं बदलून घ्या. मोठ्या गटात वर्षभरात जेवढं बोलायला मिळत नाही तेवढं तिघांत महिन्याभरात मिळतं. आसनं मात्र एक-दोन जास्तीची मांडून ठेवा, म्हणजे कुणी परत आलं तर त्याला जागा मागावी लागणार नाही.